ट्रॉलीच्या मागून बैलकुप्प्याला

दसऱ्याला म्हैसूरला जाऊन आलो म्हटल्यावर जो तो मला हत्तींविषयी विचारतो. अंबारी कशी होती, गर्दी किती होती, राजवाड्याचे दिवे पाहिले का? मी खरं सांगतो तेव्हा विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मी हत्ती पाहिलाच नाही. सगळं कर्नाटक ज्या सकाळी म्हैसुरात शिरत होतं त्या सकाळी मी म्हैसुरातून बाहेर पडत होतो, आणि पुढचा अख्खा दिवस माझ्या डोळ्यांसमोर एका ट्रॉलीचा मागचा फाळका होता. कुर्गकडे जाणारे लोक हा रस्ता भुर्रकन ओलांडतात. मी तो ट्रॅक्टरच्या चालीने पाहिला. त्यामुळे तो मला जरा जास्त दिसला असं समजून हे लिहायला बसलो आहे.

चामराजपुरम

पांडुरंग माझा मावसभाऊ. माझ्या मावशीला म्हैसुरात दिली होती. तिच्या सासरची माणसं शिंपीकामासाठी कधीतरी पूर्वी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. संध्याकाळी विठ्ठलमंदिरात ही मंडळी मराठीत अभंग म्हणतात आणि बाहेर येऊन भाजीवालीशी कानडीत घासाघीस करतात. घरात दोन्ही चालतं. वाक्य मराठीत सुरू होतं आणि शेपूट कानडीत निघतं. कान सरावेपर्यंत मी नुसती मान हलवत होतो. पांडुरंग मला अण्णा म्हणतो. त्याची मुलगी भार्गवी मला दोड्डप्पा म्हणते, म्हणजे बापाचा थोरला भाऊ. इकडे इस्लामपुरात माझे पुतणे काका म्हणतात आणि मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. दोड्डप्पा म्हटल्यावर मात्र मी उगाच दोन इंच उंच झालो.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. हंगामात रात्रंदिवस माझ्यासमोरून ट्रॅक्टर जायचे. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबतोय, मागे दिवा नाही, पुढे मात्र गाण्यांचा धडाका. तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली या विषयात मला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

भार्गवीकडे ट्रॅक्टर आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. हुणसूरला ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानात ती हिशेबाला होती, पण बसायची मागच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये. शेवटी नोकरी सोडली, एक वापरलेला ट्रॅक्टर घेतला आणि लोकांची शेतं नांगरून द्यायला लागली. आता तिने म्हैसुरात एक ट्रॉली बांधून घेतली होती आणि रोटाव्हेटरही घेतला होता. पिकाची खोडं चिरून मातीत मिसळणारं पात्यांचं ते यंत्र. ट्रॉलीत ते घालून तिला बैलकुप्प्याला जायचं होतं. तिथल्या तिबेटी वसाहतीतल्या डोल्मा नावाच्या बाईंचा मका निघाला होता. जमिनीत ओल होती तोवर रान फिरवायला हवं होतं. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ये, नाही आलीस तर मी दुसऱ्याला सांगेन, असं त्या म्हणाल्या होत्या. लांबचं आणि भरल्या ट्रॉलीचं हे तिचं पहिलंच काम.

पांडुरंगाला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. त्याच्या भजनातल्या एका मित्राचा जावई मोटरसायकलवरून जाताना गेला. पुढच्या ट्रॅक्टरची ट्रॉली चढावर सुटली आणि मागे आली. त्या मुलाच्या लग्नाचा सूट पांडुरंगाने शिवला होता. तेव्हापासून ट्रॉली म्हटलं की याच्या हातातली सुई थांबते. पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने अट घातली. भरलेली ट्रॉली घेऊन एकदा जा, मी मागून गाडीने येतो. वाटेत काही घडलं, लहान असो की मोठं, तर ट्रॅक्टर विकायचा. पिरियापट्टणचा एक माणूस गिऱ्हाईक म्हणून तयारच होता. भार्गवीने मान्य केलं. हे मला शारदाने, पांडुरंगाच्या बायकोने, स्वयंपाकघरात सांगितलं. ती चित्रान्नाच्या भातावर लिंबं पिळत होती. ट्रॅक्टर गेला तर ही पोरगी हसायची थांबेल हो, एवढं म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खंडेनवमी, तिकडे आयुधपूजा. आपण कोयता-विळ्याला हळदकुंकू लावून मोकळे होतो. तिथे गल्लीतली सायकलसुद्धा नवरीसारखी सजते. गाड्यांना झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू आणि भर रस्त्यात कुंकू भरून फोडलेला कोहळा. पांडुरंगाच्या घरात शिलाईयंत्र, कात्र्या, टेप, इस्त्री देवीपुढे मांडली होती. एकदा मांडली की दसऱ्याच्या दुपारची आरती होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या घरात ही शिस्त अशी कडक, की शर्टाचं तुटलेलं बटण लावायला मला सुई मिळाली नाही.

मंदिरामागच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर उभा होता. भार्गवीने सकाळीच ट्रॉली जोडून सगळं तपासलं होतं. रोटाव्हेटर चाकांच्या थोडा पुढे येईल असा ठेवून साखळ्यांनी आवळला होता, कारण वजन मागे गेलं तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. शारदाने हौसेने ट्रॉलीच्या मागे केळीचे खुंट बांधले, ते नेमके लाल दिव्यांवर. भार्गवीने ते सोडले. आई रुसली. मग तह झाला. मागचे खुंट जातील, पण ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या जोडावर घातलेली झेंडूची जाडजूड माळ बैलकुप्प्यापर्यंत राहील. मायलेकी हसल्या आणि आम्ही पायसम खाल्लं.

येलवाल

सकाळी निघताना मी सवयीने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढायला गेलो. आमच्याकडे पाहुण्याची ती मानाची जागा असते. भार्गवीने मला खाली उतरवलं. "एक सीट, एक माणूस, दोड्डप्पा. तुम्ही अप्पांबरोबर बसा." मला राग आला. वयाचा, नात्याचा काही विचार? मी तोंड फुगवून पांडुरंगाच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसलो. तिने ब्रेकची दोन पेडलं पट्टीने एकमेकांत अडकवली. शेतात वळायला ती सुटी लागतात, पण रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गरकन फिरतो. मग दिवे लावून पाहिले, एक फेरी मारली, जोडावरची माळ नीट केली आणि निघाली. तिच्या मागे आम्ही, चारही दिवे लुकलुकवत.

म्हैसूर आमच्या उलट दिशेने वाहत होतं. बसगाड्या भरून येत होत्या, पोरांच्या डोक्यावर कागदी मुकुट, बायकांच्या डोक्यात मोगरा, आणि बहुतेक सगळे आमच्याकडे बघून हात हलवत होते. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, आपट्याची पानं आणायची. मी मनात म्हटलं, चला, हेही सीमोल्लंघनच. रस्त्याच्या कडेला नारळ, मग भात, मग पुन्हा नारळ. गाडीतून जाताना जे नुसतं हिरवं दिसतं त्यात इथे एकेक माणूस दिसत होता. एक बाई बांधावर उभी राहून बगळ्यांना रागावत होती, तिचं पुरतं रागावून होईपर्यंत आम्ही तिच्यासमोरच होतो.

येलवालला कॉफीला थांबलो. कॉफी मात्र त्यांची. आमच्या चहाचा मी अभिमानी, पण स्टीलच्या त्या छोट्या पेल्यापुढे मी शरण गेलो. भार्गवीने उतरल्याबरोबर ट्रॉली घरंगळू नये म्हणून चाकाला दगडाची उटी लावली आणि फेरी मारायला लागली. चाकाच्या मधल्या भागावर तळहात टेकवून तापलंय का बघायची, साखळ्या ओढून बघायची. पांडुरंग कॉफी न पिताच जोडापाशी जाऊन उभा राहिला होता, झेंडूच्या माळेवर हात ठेवून. मला वाटलं, देवभोळा माणूस, नमस्कार करतोय. तिलाही तसंच वाटलं असणार. ती बापाला वळसा घालून पलीकडे गेली.

गाडीत बसल्यावर मी त्याचं मन रमवायला आमच्या ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगायला लागलो. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून कशी सोडतात, मागच्या ट्रॉलीवर पोरं कशी झोपतात. तो हं हं करत होता. मध्येच म्हणाला, "अण्णा, जोडाची ती पिन कधी निघते काय रे?"

मी म्हटलं, निघते की. खालची क्लिप पडली की खड्ड्यागणिक पिन उड्या मारत वर येते आणि मग ट्रॉली चालली आपल्या वाटेने. एकदा तर चहाच्या टपरीत शिरली होती. मी रंगात येऊन टपरीवाल्याची नक्कल केली. पांडुरंग हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि सकाळचं वारं चांगलं गार होतं.

बिळिकेरे

बिळिकेरेच्या अलीकडे एक गतिरोधक आला. भार्गवी अगदी हळू गेली, तरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. पांडुरंगाने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. भार्गवीने डावीकडे मोकळी जागा बघून ट्रॅक्टर रस्त्याखाली घेतला, बंद केला, उटी लावली आणि धावत आली. तिला वाटलं अप्पांना काही झालं.

पांडुरंग गाडीतून उतरला, जोडापाशी गेला आणि त्याने माळ वर उचलली. पिनेच्या खालच्या टोकाला क्लिप नव्हती. तिच्या जागी मेणाचा जाड दोरा गुंडाळून गाठी मारल्या होत्या, जाड कापडाच्या पिशव्या शिवायचा असतो तो. त्याचे निम्मे पदर तुटले होते आणि पिन चांगली बोटभर वर आली होती.

मग त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी देवीपुढे कात्र्या मांडताना त्याच्या मनात आलं, पोरीचंही आयुध तिथे असावं. एवढा ट्रॅक्टर घरात कसा आणायचा? म्हणून त्याने ती क्लिप काढून आणली, चिंचेने घासली, कुंकू लावून कात्रीशेजारी ठेवली. सकाळी आठवण झाली तेव्हा पूजा मांडलेलीच होती. आरतीच्या आधी ती मोडायची कशी? त्याचा जन्म दोऱ्यात गेला. या दोऱ्याने शिवलेली पिशवी दहा माणसांनी ओढली तरी उसवत नाही, म्हणून त्याने विश्वासाने दोरा बांधला. निघालो आणि चाकं फिरायला लागली तेव्हा विश्वास उडाला. आणि सांगायची लाज वाटली.

मला तो क्षण अजून दिसतो. ज्या भीतीपोटी या माणसाने पोरीला अट घातली होती, नेमकी तीच गोष्ट त्याच्या भक्तीच्या हाताने घडली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो तिथे माळ धरून असा उभा होता की मला त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला.

भार्गवीने वाकून तो दोरा बोटाने चाचपला. मग म्हणाली, "मी सकाळी वाकून बघायला पायजे होतं अप्पा. मी फुलं बघितली." आणि पिन खाली दाबत, "तुमची अट आहे. घडलं ते घडलं."

मी मध्ये पडलो. म्हटलं, अगं, एवढं काय त्यात? एक खिळा घाल, तार गुंडाळ आणि चल हुणसूरपर्यंत. ट्रॉलीला जास्तीची साखळी आहेच. आमच्या कारखान्यावर निम्म्या गाड्या खिळ्यावर चालतात, मी रोज बघत होतो. तेवढ्यात थांबलेल्या दोन मोटरसायकलवाल्यांनीही तेच सुचवलं. एकाने तर डिकीतून तार काढून पुढे केली.

"दोड्डप्पा," ती म्हणाली, "ज्या पोचल्या त्या गाड्या तुम्ही काट्यावर बघितल्या. ज्या नाही पोचल्या, त्या तुमच्या काट्यावर आल्याच नाहीत."

इतक्या वर्षांत हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

साखळी आहे ती पिन मोडली तर, पिन नाही म्हणून चालण्यासाठी नाही, असं तिने त्या दोघांना कानडीत समजावलं आणि तारेबद्दल आभार मानले. मग डोल्मांना फोन केला. उशीर होईल, कदाचित यायला जमणारही नाही, तुम्हाला दुसऱ्याला बोलवायचं तर बोलवा. हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता, पण फोन ठेवल्यावर ती ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी तिकडे पाहिलं नाही. म्हैसूरला परत जाऊन क्लिप आणावी म्हटलं तर तोवर तिकडचे रस्ते मिरवणुकीसाठी बंद. तेव्हा क्लिप पुढेच कुठेतरी मिळवायला हवी होती. मी आणि पांडुरंग गाडी घेऊन बिळिकेरेला निघालो.

दसऱ्याची सकाळ. स्पेअरपार्टचं दुकान बंद, लोखंडाचं दुकान बंद. एका गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत शिरलो तर पान्ह्यांपासून हातोड्यापर्यंत सगळं ओळीने देवीपुढे मांडलेलं, प्रत्येकाला कुंकवाचा टिळा. मालकाचं नाव शिवण्णा. भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. दुकानात सुटी क्लिप नाही म्हणाला. स्वतःच्या ट्रॅक्टरची आहे, ती बघा तिथे पूजेत आहे. आणि पूजा दुपारशिवाय हलत नाही. पांडुरंगाने मान डोलावली. ही अडचण जगात कोणाला कळली असेल तर त्यालाच.

आतून शिवण्णाची आई आली. चांगली ताठ, कपाळावर विभूती. कोण, कुठले, काय झालं, तिने सगळं विचारलं. पांडुरंगाने कानडीत सांगितलं, काही न लपवता. मुलगी रस्त्यावर उभी आहे, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फाटला.

बाईने तांब्यात पाणी घेतलं. देवीपुढे दिवा सारखा केला, चार फुलं वाहिली, हात जोडून काही पुटपुटली आणि देवीचा कलश उत्तरेकडे बोटभर सरकवला. झाली उत्तरपूजा. मग क्लिप उचलून पांडुरंगाच्या हातात दिली. शिवण्णा बघतच राहिला. ती जे बोलली ते मला पांडुरंगाने नंतर सांगितलं. पोर उन्हात उभी असताना देवीला बसायला बरं वाटेल का? तिला विचारलं की ती उठते.

गाडीत बसल्यावर पांडुरंगाने किल्ली लावली नाही. हातातल्या क्लिपकडे बघत राहिला. "मी विचारलंच नाही रे अण्णा," तो म्हणाला. "पहाटे देवीपुढे उभा होतो. विचारायचं सुचलंच नाही." आणि माझा साठीकडे झुकलेला भाऊ लहान पोरासारखा रडला. मीही काही फार वेगळ्या अवस्थेत नव्हतो.

हुणसूर

परत आलो तेव्हा भार्गवी ट्रॉलीच्या सावलीत चित्रान्नाचा डबा उघडून बसली होती आणि त्या दोन मोटरसायकलवाल्यांना खायला घालत होती. क्लिप तिने स्वतः लावली, हलवून बघितली, पुन्हा वाकून बघितली. माळ काढून पुढे ट्रॅक्टरच्या नाकावर बांधली. बापाला एवढंच म्हणाली, "चला अप्पा. निधान चालवा." सावकाश चालवा, असं ट्रॅक्टरवाली गाडीवाल्याला सांगत होती.

हुणसूरचा मुलूख तंबाखूचा. पानं निघून गेली होती, शेतांत नुसती खोडं उभी होती. तंबाखू भाजायच्या उंच कौलारू कोठ्या जागोजागी दिसतात, आणि कुठे शेवटची भट्टी चालू असेल तर गोडसर, थोडा धुरकट वास रस्त्यावर येतो. आमच्याकडे गुऱ्हाळाचा वास येतो तेव्हा भूक लागते. या वासाने मला झोप आली. हुणसूरला जेवलो, केळीच्या पानावर नाचणीचा उंडा आणि झणझणीत सार. उंडा चावायचा नसतो, साराबरोबर गिळायचा. मी चावत बसलो आणि शेजारच्या टेबलावरची माणसं कौतुकाने बघत राहिली. आपली भाकरी बरी, निदान तिच्याशी भांडता येतं.

पांडुरंग धड जेवला नाही. अट त्याच्या डोक्यात घोळत होती हे दिसत होतं. मी म्हटलं, सोड ना आता. तो म्हणाला, मी सोडून काय उपयोग, तिने शब्द दिलाय, ती तुझ्या-माझ्यासारखी नाही.

बैलकुप्पे

पिरियापट्टण मागे पडलं. बैलकुप्प्याच्या अलीकडे झाडांना बांधलेल्या रंगीत पताका दिसायला लागल्या आणि आम्ही मोठा रस्ता सोडला. वसाहतीतल्या एका शेतरस्त्याला चांगलाच उतार होता, खाली ओढ्यावरची अरुंद मोरी. उताराच्या तोंडाशी भार्गवी थांबली. तिथेच खालचा गिअर टाकला आणि ट्रॅक्टर मोरीपर्यंत त्याच गिअरमध्ये गुरगुरत उतरला. मधल्या कुठल्याच क्षणी ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकललं नाही. पांडुरंगाने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

डोल्मा पन्नाशीच्या असतील. लांब झगा, त्यावर स्वेटर, आणि कानडी पांडुरंगाहून अस्खलित. त्यांना ऊन कलल्याचा राग नव्हता. दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी सांगितलंच नव्हतं. ज्या मुलीने रस्त्यात थांबून, मी चालवणार नाही, असा फोन केला, तिची वाट बघायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी आम्हाला खारट चहा दिला, लोणी घातलेला. पहिला घोट मी शिष्टाचार म्हणून घेतला. दुसरा कप मागून घेतला. भार्गवीने ट्रॉली सोडवली, रोटाव्हेटर सगळ्यांच्या मदतीने फळीवरून उतरवून ट्रॅक्टरला जोडला आणि उजेड होता तोवर मक्याची खोडं मातीत घातली. मागे येणारे बगळे आपल्याकडच्यासारखेच, फक्त जास्त धीट.

त्या घरीच आम्ही मुक्काम केला. सकाळी भार्गवीने उरलेलं रान संपवलं. आम्ही ओसरीवर वाफाळलेले मोमो खात होतो तेव्हा पांडुरंगाचा फोन वाजला. पिरियापट्टणचा तो गिऱ्हाईक माणूस. पांडुरंग उठून अंगणात गेला नाही. सगळ्यांसमोरच बोलला, आणि ते कानडी बोलणं मला पहिल्यांदा न समजावता समजलं. ट्रॅक्टर माझा नाही, मुलीचा आहे, आणि ती तो विकणार नाही.

भार्गवी हातातला कप तसाच धरून म्हणाली, "अप्पा, अट होती."

"होती," तो म्हणाला. "घडलं ते माझ्यानं घडलं. थांबलीस तू. मी तुझ्या जागी असतो तर लाजेपायी तसाच पुढे गेलो असतो." मग ट्रॅक्टरकडे बघत, "मोटरसायकलवरच्या त्या पोराच्या पुढे जो ट्रॅक्टर होता ना, तो तुझ्यासारख्याचा असता तर तो आज असता मगळे."

मगळे म्हणजे मुली. भार्गवी उठली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. डोल्मा आत जाऊन उगाचच भांडी वाजवायला लागल्या.

शेजारच्या वस्तीवर तिला आणखी एक रान मिळालं होतं, म्हैसूरच्या उलट दिशेला. तिने आमच्या मदतीने रोटाव्हेटर पुन्हा ट्रॉलीत घेऊन साखळ्या आवळल्या. ट्रॉली जोडली, वाकून बघितलं, पुन्हा वाकली. मग फेरी. चाकं, साखळ्या, दिवे. सीटवर चढताना तिने विचारलं, अप्पा, मागून येणार ना? मला वाटलं हा धावत जाऊन गाडी सुरू करील.

"बेडा," तो म्हणाला. नको. "तू जा."

ट्रॅक्टर मोरी ओलांडून पलीकडचा चढ चढला, वळला, दिसेनासा झाला. आवाज बराच वेळ येत होता. तो थांबेपर्यंत पांडुरंग रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात पाठीमागे बांधून. मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "निघताना तिने जोडापाशी वाकून बघितलं की नाही, अण्णा? तू बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो. "दोनदा वाकली."

"मग चल घरी," तो म्हणाला.